कोपरगावच्या काठावर पुरलेली नाव

मे महिन्यात कोपरगावला कुणी फिरायला जात नाही. मीही गेले नसते. सुट्टी मंजूर झाली होती, महाबळेश्वरची खोली जवळजवळ ठरली होती, आणि तेवढ्यात मेघनाचा फोन आला. मेघना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. मी विमा कंपनीत चिकटले, ती पुरातत्त्वात गेली आणि गेली कित्येक वर्षं तात्पुरत्या नेमणुकांवर कुठे ना कुठे माती उकरत असते.

"नाव सापडलीय," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"अगं नाव! होडी. लाकडाची. गोदावरीच्या काठाला, कोपरगावात, भर वस्तीखाली. तुला खोदकाम बघायचं असतं ना नेहमी? मग आत्ता ये. पावसाळ्यानंतर येते म्हणशील तर दाखवायला काही उरणार नाही."

एवढ्या वर्षांत तिच्या आवाजात इतका आनंद मी ऐकला नव्हता. महाबळेश्वर रद्द केलं.

या ब्लॉगवर मी सहसा रस्ते, खाणं आणि राहण्याच्या सोयी यांबद्दल लिहिते. या वेळीही लिहिणार आहे, पण ही सहल तशी झाली नाही हे आधीच सांगते. हलकंफुलकं वाचायला आला असाल तर जुन्या नोंदी आहेत.

पुण्याहून मी सकाळची एसटी धरली. नगरपर्यंत प्रवास छान होतो. माळीवाड्याच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबते. तिथे चहा घ्या, भेळ घ्या, पण पुढच्या रस्त्यासाठी पोट फार भरू नका. नगर ते मनमाड हा रस्ता पाठीच्या मणक्यांची ओळख करून देतो. राहुरीच्या पुढे माझ्या शेजारच्या आजोबांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मला म्हणाले, "पोरी, झोपू नको हां. झोपलीस तर डोकं आपटंल." राहात्यात पेरूंचा हंगाम नव्हता, शिर्डीला निम्मी बस रिकामी झाली, आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात मी कोपरगावला उतरले.

राहायला स्टँडजवळ लॉज आहेत, बरे आहेत. पण मेघनाने माझी सोय नजमाभाभींच्या माडीवर केली होती. नजमाभाभी म्हणजे खोदकामावरच्या सगळ्यांचा डबा करणाऱ्या बाई. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, चालताना कायम घाईत. नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्यांचं घर, खाली त्यांचे मिस्टर इक्बालभाई यांचं टायर-पंक्चरचं दुकान. त्यांनी माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते पाण्याबद्दल.

"ताई, अंघोळीला एक बादली ठेवलीय. वापरून झालं की पानी टाकू नका, खाली द्या. संडासाला लागतं."

बोळात नळ आठवड्यातून एकदा येत होता, त्या वेळी तर त्याहून लांबला होता. प्रत्येक दारापुढे निळे पिंप, त्यांच्यावर झाकणं, झाकणांवर दगड. हे मी येताना पाहिलं होतं, पण सांगितल्याशिवाय कळलं नव्हतं.

जेवायला बाजरीची भाकरी, डाळ-गोश्त आणि कैरीचा ठेचा. पुण्यात त्या चवीसाठी मी रांगेत उभी राहिले असते.

संध्याकाळी मेघना मला नदीवर घेऊन गेली. बोळ संपतो तिथून एक उतार थेट काठावर जातो. मागच्या पावसाळ्यात तिथला काठ ढासळला. मग भिंत बांधायचं काम निघालं, पाया खणताना जेसीबीच्या दातांत काळ्या फळ्या आल्या आणि काम थांबलं. आता तिथे बांबूंवर ताडपत्रीचं छप्पर होतं, खाली एक लांबट खड्डा. आणि नदी? पूल आहे, घाट आहे, देवळं आहेत, पात्रही आहे. पाणी नव्हतं. मधोमध नाल्याचं काळपट डबकं, त्यावर शेवाळाची साय.

खड्ड्यात ओली पोती अंथरलेली होती. मेघनाने चप्पल काढली, खाली उतरली आणि आजारी माणसाचं पांघरूण सरकवावं तसं एक पोतं बाजूला केलं.

खाली कोळशासारखी काळी फळी होती. तिला जोडून दुसरी. त्यांना आतून धरून ठेवणारी वाकडी लाकडं, बरगड्यांसारखी.

"हात लाव. हळू."

मी बोट टेकवलं तर ते आत गेलं. खरवसाला लावावं तसं. मी दचकून हात मागे घेतला.

"साग आहे," मेघना म्हणाली. "दोनशे वर्षं तरी चिखलात होता. आतलं लाकूड केव्हाच खंगलंय, त्याच्या जागी पाणी आहे. पाण्यानेच आकार धरून ठेवलाय. ते उडालं की सगळं आक्रसतं, पिळवटतं, तडकतं. मग ते लाकूड राहत नाही. नुसता चुरा."

म्हणून दिवसभर दर थोड्या वेळाने तिची माणसं पाठीवर फवारणीचे पंप घेऊन त्या नावेवर पाणी मारत होती. द्राक्षबागेवर औषध मारतात तोच पंप. नाल्याचं पाणी मारून पाहिलं, तर बुरशी आली. जवळच्या बोअरचं मारलं, तर क्षारांचा पांढरा थर धरला. आणि मग ती बोअरही आटली. आता एक दिवसाआड टँकर यायचा. गोड्या पाण्याचा.

मी वळून बोळाकडे पाहिलं. उतारावर दोन बायका उभ्या होत्या, हातात काही नाही, नुसत्या बघत.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मेघनाने मला बैल दाखवले.

नाव नुसती सामानाची नव्हती. नदी ओलांडणारी, गाड्या-जनावरं नेणारी रुंद तळाची नाव होती. तिच्या मध्यावर दोन कवट्या शेजारी शेजारी होत्या, शिंगांसकट. दोन्ही मानांवरून एकच आडवं लाकूड गेलेलं. जू. गाडीला जुंपलेलेच ते बैल खाली गेले होते. नाव पुढच्या अंगाला झुकलेली होती आणि तो पुढचा भाग, साधारण तिसरा हिस्सा, अजून काठाच्या मातीत होता.

"गाडी पुढे घसरली असणार," मेघना सांगत होती. "आणि माणसं पुढेच बसतात. इथे एक तांब्या मिळाला, एक जोडवं मिळालं. बाकी काय असेल ते या मातीत आहे. एकदा तो भाग उघडला की नाव कुठली, कधीची, कोण होते, सगळं नीट मांडता येईल. त्याच्याशिवाय माझा अहवाल म्हणजे अर्धी गोष्ट."

ताडपत्रीच्या दोरीपलीकडे गावातले लोक येऊन बघून जात. बाजाराला आलेले दोन शेतकरी कितीतरी वेळ नुसते उभे होते. त्यातला एक शेवटी दुसऱ्याला म्हणाला, "मानेच्या सापती काढून बैल सोडायला बी येळ मिळाला न्हाई बग."

"सोडलं असतं तर पवून गेलं असतं," दुसरा म्हणाला. "बैल पवतोय की."

"व्हय. मानसं बी गेली असती शेपूट धरून."

मग दोघांनी टोप्या काढल्या, परत घातल्या आणि निघून गेले. मी तिथे एक फोटो काढला होता. तो या लेखात लावलेला नाही.

दहाच्या सुमाराला टँकर आला. उतारावरून मागे मागे घेत ड्रायव्हरने तो छपरापाशी उभा केला. नजमाभाभी दोन हंडे घेऊन हजर होत्या. मेघनाने व्हॉल्व्ह सोडायला लावला, त्यांचे दोन हंडे भरले, मग पाइप फवारणीच्या टाकीला जोडला. नेहमीची पद्धत होती ती. डब्याला पाणी लागतं, भाभी आपल्याच आहेत, दोन हंड्यांनी काय होतं, एवढाच मेघनाचा विचार.

पण उतारावर आता दोनाच्या सात-आठ बायका झाल्या होत्या. त्यांतल्या सुशीलाबाई, भाभींच्या समोरच्याच घरातल्या, खाली आल्या. आवाज चढवला नाही.

"मॅडम, एक इचारू? मेलेल्या लाकडाला पाजायला पानी हाय, आन आमच्या लेकरांना न्हाई, ह्ये कसं?"

मेघनाने समजावायचा प्रयत्न केला. हे पाणी फक्त या कामासाठी मंजूर झालंय, तिला वाटण्याचा अधिकार नाही, थोडेच दिवस आहेत.

"मंग नजमाला कसं मिळतं?"

नजमाभाभींनी भरलेले हंडे खाली ठेवले. मग त्यातला एक उचलून त्यांनी सुशीलाबाईंच्या पुढे केला. सुशीलाबाईंनी तो घेतला नाही. पाठ फिरवून गेल्या.

त्या रात्री आम्ही भाभींकडे जेवत होतो. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तीस वर्सं झाली मला या बोळात. सुशीच्या दोन्ही बाळंतपनांत मी उशाशी हुते." मग मेघनाकडे न बघता, "ताई, उद्यापासून माझे हंडे नको भरू."

"भाभी, एका दिवसाचा राग आहे तो."

"नको म्हनते ना."

उद्या टँकर नव्हताच, तो परवा यायचा. मधला दिवस वाईट गेला. ऊन असं होतं की पोतं ओलं केलं की बघता बघता वाळायचं. दुपारी आम्ही छपराखाली बसलो होतो, आणि खड्ड्यातून आवाज आला, सुपारी फोडावी तसा. मेघना उडी मारूनच खाली गेली. मोठ्या फळीला टोकापासून आतपर्यंत चीर गेली होती. तिने तिच्यावर ओला फडका दाबून धरला, जखमेवर धरतात तसा, आणि किती तरी वेळ हात काढला नाही. मी हाक मारली तर म्हणाली, "उद्या पाणी येईल. उद्या पुरतं भिजवू. चार दिवसांत पुढचा भाग उघडते. चारच दिवस हवेत गं मला."

सकाळी टँकर आला तेव्हा उतारावर सगळा बोळ होता. बायका, दोन-चार पुरुष, पाइपांची भेंडोळी, हंडे, ड्रम. कुणी कट केला होता असं मला वाटत नाही. आदल्या दिवशी नळ येणार होता, तो आला नाही, एवढंच. टँकर उतारावर असतानाच त्यांनी त्याला गराडा घातला. दोघीजणी मागच्या शिडीने वर चढल्या, वरचं झाकण उघडून पाइप सोडू लागल्या. खाली कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला. पाणी सुटलं. ड्रायव्हर आरडाओरडा करायला लागला, "खाली उतरा, गाडी उतारावर हाय!" कुणी ऐकेना.

मेघना मधोमध हात पसरून उभी होती आणि काहीतरी ओरडत होती. मला ते ऐकू येत नव्हतं.

नजमाभाभी घरातून पळत आल्या. हातात हंडा नव्हता, ओढणीसुद्धा नीट नव्हती. त्या मागच्या चाकाशी गेल्या आणि वर बघून ओरडल्या, "सुशे! उतर खाली! पडशील, उतर!" वर चढलेल्या दोघींतल्या एक सुशीलाबाई होत्या.

ड्रायव्हर घाबरला असणार. त्याला गाडी वर रस्त्याला काढायची होती. त्याने ब्रेक सोडला, पण गिअर पडायच्या आत भरलेला टँकर मागे आला. फार नाही. दोन हात आला असेल. मग थांबला.

भाभी ओरडल्या नाहीत. त्यांनी टँकरचा पत्रा दोन्ही हातांनी धरला होता आणि खाली बघत होत्या. त्यांचा डावा पाय चाकाखाली होता.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टँकर पुढे घ्या म्हणून ओरडणारे लोक. पुढे घेतला तेव्हाचा भाभींचा आवाज. मी माझी ओढणी त्यांच्या पोटरीला आवळून बांधली, कंपनीच्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं तशी, आणि पायाकडे बघायचं टाळलं. मेघनाची खोदकामावरची पिकअप गाडी आली. इक्बालभाई दुकानातून तसेच आले, हाताला काळं ग्रीस. सुशीलाबाई कधी खाली उतरल्या कोण जाणे, पण पिकअपच्या हौद्यात भाभींचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या एकच वाक्य म्हणत होत्या, "नजमे, माझ्याकडं बग. नजमे, माझ्याकडं बग."

वळताना मी मागे पाहिलं. टँकरचा व्हॉल्व्ह उघडाच होता. हंडे तिथेच होते, कुणीही भरत नव्हतं. सगळं पाणी उतारावरून छपराकडे, खड्ड्यात चाललं होतं.

कोपरगावात पट्टी, इंजेक्शन, सलाइन झालं आणि डॉक्टरांनी लगेच नाशिकला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये इक्बालभाई आणि सुशीलाबाई बसल्या, मागून पिकअपमध्ये आम्ही दोघी. वाटेत येवला लागतं, पैठणींची दुकानं लागतात. एरवी मी उतरले असते.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. पाऊल वाचवता आलं नाही. घोट्याच्या थोडं वरून काढावं लागलं.

इक्बालभाई भिंतीला टेकून खाली बसले. मेघना त्यांच्यासमोर, तीही खालीच. पोलिसांनी विचारलं तेव्हा इक्बालभाईंनी ड्रायव्हरविरुद्ध काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, पोरगं भेदरलं, दुसरं काय. सुशीलाबाई जिन्याच्या पायरीवर तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. मग इक्बालभाईंनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, जणू टायरची चौकशी करावी तसं.

"म्याडम, किती जुनी हाय म्हनला ती नाव?"

"दोनशे वर्षं. कदाचित जास्त."

"आन इतकी वर्सं मातीतच हुती?"

"हो."

"धड हुती?"

मेघनाने होकारार्थी मान हलवली.

"मंग माती बरी की," ते म्हणाले, आणि हाताचं ग्रीस पुसू लागले. ते निघत नव्हतं.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मी शेजारी बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. पण परत येताना मेघनाने येवल्याला गाडी थांबवली. चहाचा कप हातात धरून म्हणाली, "मी ती परत पुरते."

मला आधी समजलंच नाही.

"ओल्या वाळूत आणि चिखलात पुरली की टिकते. दोनशे वर्षं टिकलीच ना. पाणी लागत नाही, टँकर लागत नाही. पुढचा भाग न उघडता बंद करते."

"आणि तुझा अहवाल?"

"अर्धी गोष्ट."

तिने तिथूनच पुण्याला तिच्या वरिष्ठांना फोन लावला. ते वाईट माणूस नाहीत, पण फोनवरचं त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. आठ-दहा दिवस दम धर, टँकर दुसऱ्या बाजूने आणता येईल, असा शोध आयुष्यात एकदा लागतो, पुढच्या वर्षी परवानगी आणि पैसे मिळतील याची खात्री कोण देणार? मेघना प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "सर, निर्णय जागेवरच्या माणसाने घ्यायचा असतो असं तुम्हीच शिकवलंत." आणि फोन ठेवला. चहा तसाच राहिला.

माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. मी ते रद्द केलं आणि ऑफिसात ताप आल्याचं कळवलं.

नाव पुरणं हे ती उघडण्याहून सोपं नव्हतं. आधी मेघनाने प्रत्येक फळी पुन्हा मोजली, पुन्हा फोटो काढले. बैलांची हाडं न्यायची की ठेवायची यावर तिच्या माणसांत चर्चा झाली. काही नमुने घेतले होते, ते पुरे, बाकी आहेत तिथेच राहू द्या, असं ती म्हणाली. मग पात्रात पाणी पाझरेपर्यंत खोल झिरा खणून आम्ही ओली वाळू काढली. नाल्यापासून लांब, स्वच्छ. घमेल्यांनी खड्ड्यापर्यंत आणली. पहिला थर हाताने घालायचा होता, ओंजळीने, प्रत्येक बरगडीच्या मधली फट भरेपर्यंत. फावडं लागलं तर लाकूड तुटलं असतं.

उकिडवं बसून बसून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. ऊन छपरातून खाली उतरत होतं. आमच्यात बोलणं असं नव्हतंच. "इकडे दे", "हळू", "पोतं ओढ", एवढंच.

दुपारी कुणीतरी माझ्या शेजारी घमेलं रिकामं केलं. वर पाहिलं तर सुशीलाबाई. रात्रीच नाशिकहून परतल्या होत्या. त्यांच्यामागे बोळातल्या आणखी तीन-चार बायका होत्या. मेघनाने त्यांना पाहिलं. कुणी कुणाला या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि घमेली हातोहात यायला लागली.

बैलांच्या कवट्यांवर वाळू टाकायची वेळ आली तेव्हा सुशीलाबाई थांबल्या. "ह्यांला कुनी सोडलंच न्हाई व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

त्यांनी ओंजळ भरून वाळू घेतली, शिंगांच्या मधे ठेवली, आणि मग दुसऱ्याही बैलाच्या शिंगांमधे ठेवली. नमस्कार वगैरे केला नाही. पुढच्या घमेल्यासाठी हात पुढे केला.

पुढच्या भागापाशी, जो उघडलाच नव्हता, मेघनाने मातीची भिंत ओल्या पोत्यांनी झाकून घेतली. तिथे ती एकटीच काम करत होती. एकदा मी जवळ गेले तर तिचा तळवा त्या मातीवर टेकलेला होता. मी परत फिरले.

संध्याकाळपर्यंत वाळू झाली, दुसऱ्या दिवशी वरून चिकणमाती, मग गोणत्यांचा थर. छप्पर उतरवलं. बांबू काढले. त्या उतारावरून बघितलं तर काठावर नुसता एक उंचवटा दिसत होता. एक म्हातारे गृहस्थ फिरायला आले होते, त्यांनी मला विचारलं, "संपलं का काम? काय निघालं मग?"

"एक नाव निघाली होती," मी म्हटलं.

"कुठं नेली?"

मी बोटाने दाखवलं. त्यांनी उंचवट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालायला लागले.

निघायच्या दिवशी सकाळी बोळात नळ आला. मी माडीवर होते. खाली पाण्याची धार पिंपात पडल्याचा आवाज, बायकांची धावपळ, हंड्यांचा खणखणाट. नजमाभाभींच्या दारातली पिंपं सुशीलाबाईंनी भरली. स्वतःची नंतर.

आता नेहमीची माहिती, कारण तुमच्यापैकी काहीजण विचारतीलच. पुण्याहून कोपरगावला थेट एसटी आहेत. शिर्डीपर्यंत येऊन पुढे जीपनेही जाता येतं. गोदाकाठी जुनी देवळं आहेत, बेटावरचं देऊळ सकाळी शांत असतं. उन्हाळ्यात जाऊ नका. गेलात तर जिथे राहाल तिथे पाणी जपून वापरा. नावेची जागा विचारलीत तर कुणीही दाखवेल, पण तिथे बघण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात धरणांतून पाणी सुटलं, नदी दोन्ही काठांना लागली, त्या उंचवट्यावरूनही पाणी गेलं असं ऐकलं. मेघनाच्या म्हणण्याप्रमाणे नावेला तेच बरं.

मेघनाचा पुढचा अर्ज अजून अडकलेला आहे. तिची नेमणूक संपली. सध्या ती पुण्यात एका खाजगी क्लासला इतिहास शिकवते. अर्ध्या गोष्टीचा अहवाल तिने लिहून दिला. मी वाचला. त्यात पाणी, लाकूड, मोजमापं सगळं आहे. काम का थांबवलं याखाली एकच ओळ आहे: "स्थानिक परिस्थितीमुळे."

मी दर पंधरवड्याने नजमाभाभींना फोन करते. नाशिकहून घरी आल्यावर पहिले दोन महिने त्या फोनवर यायच्याच नाहीत, इक्बालभाईच बोलायचे. मग कृत्रिम पाऊल बसलं. जखम बुजत नव्हती म्हणून ते काढून ठेवावं लागलं, पुन्हा बसवलं. डब्यांचं काम सुटलं. घरातल्या घरात भिंत धरून चालतात. रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखतात म्हणे. "बोटं न्हाईत, दुखतात कशी वो ताई?" असं त्यांनी मला एकदा विचारलं.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी स्वतःहून फोन केला. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "मेघनाताई माझा फोन उचलत न्हाई."

मला ठाऊक होतं. मेघना मला म्हणाली होती, फोनवर त्यांचं नाव दिसलं की फोन पालथा ठेवते, उचलून बोलू काय?

"कामात असेल," मी म्हटलं.

"कामात न्हाई. मला कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "तिला सांगा. मी रागावले न्हाई, असं मी म्हननार न्हाई. रागावलेय. तिच्यावर हाय, सुशीवर हाय, त्या डायव्हरवर हाय, लई हाय. सकाळी उठून पाय खाली टाकायला जाते, तवा रोज नव्यानं येतो राग. पन मी त्या पोरीला चार म्हयने जेवू घातलंय. राग हाय म्हनून फोन उचलायचा न्हाई, हे कुठलं? राग हाय म्हनून तर उचल म्हनावं."

मी हे शब्द जसेच्या तसे मेघनाला फोनवर सांगितले. पलीकडे क्लासमधल्या मुलांचा गलका ऐकू येत होता.

गेल्या रविवारी तिने भाभींना फोन केला. बराच वेळ चालला, इतकं मला इक्बालभाईंकडून कळलं. भाभी आधी खूप ओरडल्या, मग खूप रडल्या, मग दार लावून घेतलं, असं ते म्हणाले. दाराआड दोघी काय बोलल्या ते मला दोघींपैकी कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही.